व्हॅक्यूम गेज आणि कार्ब्युरेटरांची जुळणी

एकाच इंजिनावर दोन, तीन किंवा चार कार्ब्युरेटर बसवलेले असले, तर प्रत्येकातून सारखीच हवा आत गेली पाहिजे. ती तशी जावी म्हणून त्यांची थ्रॉटल एकमेकांशी मिळवून घेण्याच्या कामाला कार्ब्युरेटरांची जुळणी म्हणतात. गॅरेजमध्ये याच कामाला ‘सिंक करणे’ म्हणतात. अनुभवी मेकॅनिक हे काम बऱ्याच अंशी कानाने करतात, पण चार सिलिंडरच्या इंजिनात कानाला मर्यादा पडते. तिथे व्हॅक्यूम गेज लागतो. हा गेज इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी आहे ते दाखवतो, आणि त्यावरून कोणता सिलिंडर जास्त हवा घेतो आणि कोणता कमी, हे डोळ्यांना दिसते.

कार्ब्युरेटरचे काम थोडक्यात असे. पिस्टन खाली जातो तेव्हा सिलिंडर हवा ओढतो. ही हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. खालच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल त्या कमी दाबाकडे जेटमधून वर येते, हवेत तुषार होऊन मिसळते आणि मिश्रण आत जाते. चालक मूठ पिळतो तेव्हा तो पेट्रोल सोडत नसतो, हवेची वाट मोठी करत असतो. पेट्रोल त्या हवेमागून येते. हे लक्षात घेतले की जुळणी हवेची का करायची, पेट्रोलची का नाही, याचा उलगडा होतो.

एका कार्ब्युरेटरवर अनेक सिलिंडर चालवता येतात आणि बहुतेक जुन्या मोटारी तशाच चालत. पण मग मिश्रणाला लांब मॅनिफोल्डमधून वळणे घेत जावे लागते. जवळच्या सिलिंडरला ते दाट मिळते, लांबच्याला पातळ. शिवाय एकच गळा सगळ्यांना पुरवायचा तर तो मोठा हवा, आणि मोठ्या गळ्यात कमी वेगाला हवा इतकी संथ वाहते की पेट्रोल नीट उचलले जात नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर दिला की दोन्ही अडचणी सुटतात. पण चार स्वतंत्र वाटा एकसारख्या उघडायच्या, ही नवी जबाबदारी त्यातून येते.

या विषयासाठी होंडाच्या सीबी ७५० या मोटारसायकलीसारखे उदाहरण नाही. १९६८ च्या टोकियो मोटर शोमध्ये ती लोकांपुढे आली आणि १९६९ मध्ये विक्रीला लागली. ७३६ घनसेंटिमीटरचे इंजिन, आडवे ओळीत मांडलेले चार सिलिंडर, आणि त्यांच्यामागे २८ मिलिमीटर गळ्याचे चार केहिन कार्ब्युरेटर. पहिल्या वर्षीच्या गाड्यांत मुठीपासून निघालेली एक केबल पुढे चार केबलींत फुटत असे आणि प्रत्येक केबल आपापल्या कार्ब्युरेटरची स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी थ्रॉटल, उचलत असे. केबली ताणतात, त्यांची आवरणे बसत जातात, आणि चौघींचा ताण कधीच सारखा राहत नाही. जुळणी लवकर बिघडू लागली. १९७० च्या पुढच्या मॉडेलमध्ये होंडाने चारही स्लाइड एका आडव्या दांड्याला जोडल्या. एक केबल तो दांडा उघडते, दुसरी बंद करते. या बदलाने जुळणी बरीच टिकू लागली, पण तिची गरज संपली नाही, कारण सांधे झिजतात आणि प्रत्येक स्लाइडचा स्क्रू शेवटी हातानेच लावावा लागतो.

जुळणीतला फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडलेली असताना. त्यामागे साधे गणित आहे. आयडलिंगला स्लाइडखाली अगदी बारीक फट उघडी असते. एका कार्ब्युरेटरमध्ये ती अर्धा मिलिमीटर आणि शेजारच्यात सहा दशांश मिलिमीटर आहे असे धरले, तर दुसऱ्याची वाट जवळजवळ २० टक्क्यांनी मोठी झाली. मूठ पूर्ण पिळून स्लाइड २८ मिलिमीटर वर गेली की एक दशांश मिलिमीटरचा तोच फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरतो. म्हणून जुळणी बिघडलेली गाडी हायवेवर ८० च्या वेगाने सुरळीत पळते आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरते, मध्येच बंद पडते. मूठ सोडल्यावर इंजिनाचे फेरे लवकर उतरत नाहीत, पहिल्या गिअरमध्ये हळू चालवताना गाडी झटके देते. सीबी ७५० मध्ये याला आणखी एक आवाज जोडला जातो. तिच्यात क्रँकपासून क्लचकडे ताकद दोन प्रायमरी चेननी जाते. सिलिंडर कमीजास्त जोराने ढकलू लागले की या चेन आयडलिंगला ढिल्या होतात, ताणतात, आणि खालून खडखडाट येतो. बेअरिंग गेले समजून इंजिन उघडायला घेण्याआधी गेज लावून पाहिला, तर पुष्कळदा हा आवाज स्क्रूच्या थोड्या फिरवण्याने कमी होतो.

आता व्हॅक्यूमकडे वळू. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरतो. टोरिचेलीच्या १६४३ च्या प्रयोगाने हे जगाला कळले, आणि इंजिनाचा व्हॅक्यूम आजही अनेक मॅन्युअलांत पाऱ्याच्या सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पिस्टन हवा ओढतो, पण बारीक फटीतून ती पुरेशी येत नाही. त्यामुळे थ्रॉटल आणि इनटेक व्हॉल्व्ह यांच्यामधल्या जागेत दाब उतरतो. वाट जितकी बंद, तितका व्हॅक्यूम जास्त. वाट जितकी उघडी, तितका कमी. सगळ्या जुळणीचा आधार एवढाच आहे. गेजचा काटा इतरांपेक्षा जास्त वर गेला तर तो कार्ब्युरेटर जास्त मिटलेला, खाली राहिला तर जास्त उघडा.

एक गोष्ट मात्र नव्याने गेज वापरणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. एका कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या चांगल्या मोटारीच्या मॅनिफोल्डला गेज लावला, तर आयडलिंगला काटा ४५ ते ५० सेंटिमीटरच्या आसपास स्थिर उभा राहतो. सीबी ७५० च्या एका सिलिंडरला लावला, तर तो २० च्या आगेमागे राहतो आणि एकसारखा थरथरतो. यात इंजिनाचा दोष नाही. मोटारीत एकाच मॅनिफोल्डमधून चार सिलिंडर आळीपाळीने हवा ओढत असतात, त्यामुळे तिथला दाब सावरायला वेळच मिळत नाही. स्वतंत्र कार्ब्युरेटर असला की त्या छोट्या वाटेतून एकच सिलिंडर ओढतो, आणि तोही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला साधारण आठ वेळा. मधल्या वेळात फटीतून हवा झिरपत राहते आणि दाब पुन्हा वर येतो. काटा दाखवतो ती या चढउताराची सरासरी.

ही थरथर आवरण्यासाठी गेजच्या नळीत बारीक छिद्राचा अडथळा किंवा छोटा स्क्रूचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो पूर्ण उघडा ठेवला तर काटा इतका नाचतो की आकडा वाचता येत नाही आणि गेजचे आतले भागही लवकर खराब होतात. फार आवळला तर काटा निमूट उभा राहतो आणि स्क्रू फिरवला तरी कितीतरी वेळ हलत नाही. काटा जेमतेम थरथरत राहील एवढाच तो आवळायचा. हे एकदा हाताला सवयीचे झाले की काम अर्धे सोपे होते.

गेज तीन प्रकारचे मिळतात. घड्याळासारख्या तबकडीचे गेज सगळ्यात जास्त वापरात आहेत. त्यांतल्या पुष्कळांत युजेन बुर्दोंने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी पोकळ नळी असते. आतला दाब बदलला की ती किंचित वळते आणि दात्यांच्या मदतीने काटा फिरवते. स्वस्त संचातले चार गेज एकमेकांशी क्वचितच तंतोतंत जुळतात. म्हणून काम सुरू करण्याआधी चारही गेज आळीपाळीने एकाच सिलिंडरला लावून पाहावेत. एकाच ठिकाणी एकाने २० आणि दुसऱ्याने २२ दाखवले, तर तो फरक कागदावर लिहून ठेवायचा आणि पुढे वजा करायचा. ही पायरी गाळली की गेजचीच चूक इंजिनात भरली जाते. असे बऱ्याच ठिकाणी होते आणि दोष मात्र गाडीला दिला जातो.

दुसरा प्रकार पाऱ्याच्या चार उभ्या नळ्यांचा. चारही नळ्यांना पारा एकाच भांड्यातून येत असल्याने त्यांच्यात आपापसात फरक पडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कित्येक वर्षे जगभरच्या गॅरेजांत त्याला मान होता. पण चालू इंजिनाची मूठ जोरात पिळून सोडली की व्हॅक्यूम एकदम चढतो आणि पारा नळीतून थेट सिलिंडरमध्ये ओढला जाऊ शकतो. तिथे त्याची वाफ होऊन ती सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि तिथेच काम करणाऱ्याच्या छातीत जाते. ॲल्युमिनियमलाही पारा खातो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाऱ्याची बहुतेक मोजमापाची साधने २०२० पर्यंत बंद व्हायची होती. भारताने तो करार २०१८ मध्ये मान्य केला. एखाद्या जुन्या गॅरेजात पाऱ्याचा संच अजून भिंतीला टांगलेला असेल, तर तो वापरू नये आणि फोडून फेकूनही देऊ नये. घातक कचरा म्हणूनच त्याची व्यवस्था लावावी. पाऱ्याच्या जागी पोलादी दांड्या किंवा रंगीत द्रव असलेले स्तंभ आता मिळतात आणि ते तितकेच उपयोगी आहेत.

तिसरा प्रकार घरी करता येतो, पण तो फक्त दोन सिलिंडरपुरता. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी इंग्रजी ‘यू’च्या आकारात फळीवर बसवायची, तळाशी थोडे तेल भरायचे आणि दोन्ही टोके दोन इनटेकला जोडायची. जो सिलिंडर जास्त ओढतो त्याच्या बाजूला तेल चढते. व्हॅक्यूम किती हे यातून कळत नाही, दोघांतला फरक तेवढा कळतो. जुळणीला लागतो तो फरकच. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्यामुळे पाऱ्याच्या एका सेंटिमीटरचा फरक इथे पाण्याच्या जवळजवळ १४ सेंटिमीटरएवढा दिसतो आणि तेलाचा त्याहून थोडा जास्त. बारीक फरक पकडायला इतके नाजूक साधन विकत मिळणे कठीण. त्याच कारणाने सुरुवातीला दोन कार्ब्युरेटरांत फार तफावत असेल, तर तेल थेट इंजिनात जाते. म्हणून नळी चांगली दोन मीटरभर उंच घ्यावी आणि ढोबळ जुळणी आधी करून मगच ती जोडावी.

साधन कोणतेही असो, त्याने काय दिसते आणि काय दिसत नाही हे आधी पक्के समजायला हवे. गेजला सिलिंडर किती हवा ओढतो तेवढेच कळते. ती हवा पेट्रोलसह जळली की नाही, याची त्याला खबर नसते. समजा चौघांपैकी एका सिलिंडरचा प्लग मेला आहे. इतर तिघे क्रँक फिरवत आहेत, चौथ्याचा पिस्टन त्यांच्याबरोबर वरखाली होतोच आहे आणि हवा ओढतोच आहे. त्याचा गेज जवळजवळ बाकीच्यांइतकाच व्हॅक्यूम दाखवेल. चारही काटे एका रेषेत आणि गाडी मात्र तीन सिलिंडरवर, अशी अवस्था सहज येते. तेव्हा पेट्रोल आणि ठिणगी चारही सिलिंडरांत सारखी आहे याची खात्री करूनच गेजला हात लावायचा. कोणता सिलिंडर जळत नाही हे पाहायची जुनी युक्ती अजून चालते: थंड इंजिन सुरू करून मिनिटाभरात एक्झॉस्टच्या चारही नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकायचे, ज्या नळीवर ते चटकन उडून जात नाहीत, तिथे जळण नाही.

याउलट टॅपेट आणि कॉम्प्रेशनमधले दोष गेजवर उतरतात, पण वेष बदलून. इनटेकचा टॅपेट फार आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, ओढलेल्यातले थोडे मिश्रण परत इनटेकमध्ये ढकलले जाते आणि व्हॅक्यूम कमी दिसतो. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधले रबर तडकलेले असेल तर बाहेरची हवा तिथून शिरते आणि तेव्हाही व्हॅक्यूम कमीच दिसतो. दोन्ही वेळा काटा सांगतो की ‘हा कार्ब्युरेटर जास्त उघडा आहे’. मेकॅनिक स्क्रू फिरवून त्याला मिटवतो, काटे जुळतात, आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. रबर तडकलेल्या सिलिंडरात तर मिश्रण आधीच पातळ असते. कार्ब्युरेटर मिटवल्यावर ते आणखी पातळ होते. जुळणी करायची ती सगळ्यात शेवटी, हा नियम यासाठी आहे.

म्हणून क्रम असा राहतो. थंड इंजिनावर टॅपेट, सीबी ७५० मध्ये इनटेकला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.०८ मिलिमीटर. मग कॉन्टॅक्ट पॉइंटची फट, ०.३ ते ०.४ मिलिमीटर. या गाडीत पॉइंटचे दोन संच असतात, एक पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरसाठी, दुसरा मधल्या दोघांसाठी, आणि दोन्हींचे टायमिंग वेगवेगळे तपासावे लागते. मग प्लग, एअर फिल्टर, फ्लोटची उंची, स्वच्छ पायलट जेट, आणि चारही एअर स्क्रू सारख्याच फेऱ्यांवर. शेवटी रबरे आणि त्यांचे क्लॅम्प. हवा शिरते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर रबराभोवती कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत आहे; फेरे बदलले तर गळती आहे. हा फवारा पेट घेतो, म्हणून तो गरम एक्झॉस्टवर जाऊ देऊ नये आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवावे.

प्रत्यक्ष जुळणी गरम इंजिनावर होते. सात-आठ किलोमीटर गाडी फिरवून आणली की तेलही तापते आणि सगळे भाग चालत्या मापाला येतात. टाकी काढल्याशिवाय स्क्रूपर्यंत हात पोहोचत नाही, त्यामुळे पेट्रोलसाठी छोटी वेगळी टाकी उंचावर टांगून तिची नळी कार्ब्युरेटरांना जोडतात. ज्या गाड्यांत पेट्रोलचा कॉक इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतो, तिथे ती व्हॅक्यूमची नळी निघाली की पेट्रोल थांबते आणि इनटेकचे तोंडही उघडे पडते. तिथे ते तोंड बंद करणे विसरता कामा नये. सीबी ७५० सारखे इंजिन वाऱ्यावर थंड होते आणि उभ्या गाडीला वारा नसतो, म्हणून समोर मोठा पंखा ठेवतात. काम उघड्यावर किंवा दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवूनच करावे. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रत्येक इनटेकवर एक छोटा स्क्रू असतो. तो काढून तिथे गेजची पितळी जोडणी बसवायची. इंजिन सुरू करून फेरे मिनिटाला हजारच्या आसपास आणायचे आणि चारही काटे वाचायचे. या गाडीसाठी १६ ते २४ सेंटिमीटर व्हॅक्यूम ठीक समजला जातो, आणि कोणत्याही दोन सिलिंडरांतला फरक ३ सेंटिमीटरहून जास्त नसावा. चांगला मेकॅनिक तीनवर थांबत नाही. एक सेंटिमीटरच्या आत आणणे शक्य असते आणि इंजिनाच्या आवाजात ते लगेच कळते. मात्र हे आकडे या इंजिनाचे. दुसऱ्या गाडीसाठी तिचेच मॅन्युअल पाहायला हवे.

आकडा नेमका किती यापेक्षा तो चौघांत सारखा आहे का, याला महत्त्व जास्त. उंचीवर बाहेरचा दाबच कमी असतो. समुद्रकाठच्या मुंबईत हवेचा दाब ७६ सेंटिमीटर असेल तर पुण्यात तो ७१ च्या आणि महाबळेश्वरी ६५ च्या आसपास येतो. वर घाटावर सगळेच काटे थोडे खाली दिसतील. म्हणून कोणी इंजिनात दोष शोधत बसू नये. चौघांतला फरक मात्र मुंबईत आणि महाबळेश्वरात सारख्याच मार्गाने काढता येतो.

स्क्रू फिरवताना चारही काटे एकदम का हलतात, याचे नवख्याला नवल वाटते. एक कार्ब्युरेटर थोडा उघडला की त्याचा सिलिंडर जास्त जोर लावतो, इंजिनाचे फेरे वाढतात, आणि फेरे वाढले की बाकीचे तिघेही त्याच फटीतून जास्त वेगाने ओढू लागतात. त्यांचे काटे वर जातात. म्हणजे हात लावला एकाला आणि हलले तिघे. हे गृहीत धरूनच काम करावे लागते. एक स्क्रू पाव फेरा किंवा त्याहून कमी फिरवायचा, आयडलिंगच्या मुख्य स्क्रूने फेरे पुन्हा जागेवर आणायचे, मूठ एकदा हलकेच पिळून सोडायची म्हणजे दांडा आणि स्लाइड आपल्या जागी बसतील, आणि मगच काटे वाचायचे. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा वाचायचे. घाईने चारही स्क्रूंना हात घालणारा तासाभराने सुरुवातीच्या जागेपासून आणखी लांब गेलेला असतो.

पुढच्या काळातल्या अनेक जपानी चार-सिलिंडरी गाड्यांत रचना जोड्यांची आहे. पहिला आणि दुसरा कार्ब्युरेटर एका स्क्रूने जुळतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्या स्क्रूने, आणि मग मधला तिसरा स्क्रू या दोन जोड्या एकमेकींशी मिळवतो. यामाहा आणि कावासाकीच्या बऱ्याच गाड्या अशा आहेत. आधी मधल्या स्क्रूला हात लावला तर बाजूच्या जोड्या जुळवताना ती मेहनत वाया जाते. म्हणून बाहेरच्या जोड्या आधी, मधला शेवटी. काही होंडा गाड्यांत एका कार्ब्युरेटरला स्क्रूच नसतो. तो ठरलेला असतो आणि बाकीचे तीन त्याच्याकडे पाहून लावायचे असतात.

बीएमडब्ल्यूच्या १९६९ मध्ये आलेल्या आर ७५/५ सारख्या बॉक्सर गाड्यांत कामाचे स्वरूप वेगळे आहे. दोन सिलिंडर इंजिनाच्या दोन्ही कुशींना आडवे बाहेर निघालेले, प्रत्येकावर आपापला बिंग कार्ब्युरेटर आणि आपापली केबल, मध्ये जोडणारा दांडा नाही. त्यामुळे जुळणी दोनदा करावी लागते. पहिली आयडलिंगला, केबली ढिल्या ठेवून, दोन्ही बाजूंच्या थांबा-स्क्रूने. दुसरी फेरे २,००० च्या आसपास नेऊन, केबलींच्या ॲडजस्टरने. पहिली बरोबर आणि दुसरी चुकली, तर गाडी उभी असताना शांत राहते, पण मूठ उघडताच एक सिलिंडर आधी धावतो आणि हँडल हाताला मुंग्या आणते. या कार्ब्युरेटरांत हवेची मुख्य वाट उघडणारा पिस्टन केबलने नव्हे, तर व्हॅक्यूमवर वर उचलला जातो. केबल फक्त त्यामागची गोल चकती फिरवते. पिस्टनचा रबरी पडदा फाटलेला असेल तर आयडलिंगला काही दिसत नाही, कारण तेव्हा पिस्टन खालीच असतो. फेरे वाढवल्यावरच तो सिलिंडर मागे पडतो. दुसरी जुळणी न टाळण्याला हेही एक कारण आहे.

मोटारींमध्ये व्हॅक्यूम गेजचा उपयोग कमी होतो. एमजीबी किंवा जग्वार ई-टाइपसारख्या ब्रिटिश गाड्यांवर दोन किंवा तीन एसयू कार्ब्युरेटर असत, पण त्यांच्या मॅनिफोल्डना जोडणारी वाट मध्ये ठेवलेली असे. या वाटेने दोन्हीकडचा दाब एकमेकांत मिसळतो आणि गेज दोन्हीकडे जवळजवळ तेच दाखवतो. तिथे कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवून हवेचा प्रवाह मोजणारे मीटर वापरतात, किंवा रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे तोंडाशी धरून हवेच्या सुरसुरीची तुलना करतात. शांत जागी सरावलेला कान यात आश्चर्यकारक अचूक ठरतो.

टू-स्ट्रोकला तर गेज फारसा चालतच नाही. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवलेली राजदूत ३५० ही यामाहाच्या आरडी ३५० वर बेतलेली गाडी आणि तिचे दोन मिकुनी कार्ब्युरेटर महाराष्ट्रातल्या अनेक मेकॅनिकांच्या हाताखालून गेले आहेत. अशा इंजिनात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते, व्हॅक्यूम कमी असतो आणि फार उसळतो. म्हणून जुळणी सरळ स्लाइडची करतात. एअर फिल्टर काढून, दोन्ही तोंडांत बोट किंवा आरसा धरून, मूठ अगदी सावकाश उघडायची. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत आणि एकाच क्षणी वर टेकल्या पाहिजेत. तेलपंपाची केबलही त्याच मुठीला जोडलेली असते. कार्ब्युरेटरांच्या केबली लावल्यावर तिची खूण तपासली नाही, तर तेल कमी पडून पिस्टन जॅम होण्याचा धोका राहतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. पण हवेची वाट प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र असेल तिथे जुळणीचा प्रश्न तसाच राहतो. २०१८ मध्ये आलेल्या रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० सारख्या गाडीत दोन सिलिंडरांना दोन थ्रॉटल बॉडी आहेत. पेट्रोल आता कॉम्प्युटरच्या हिशेबाने फवारले जाते, हवा मात्र पूर्वीसारखीच चकतीच्या बाजूने येते, आणि दोन चकत्यांतला फरक आजही गेजवरच दिसतो. अनेक इंजेक्शनच्या इंजिनांत हा फरक प्रत्येक थ्रॉटल बॉडीवरच्या छोट्या बायपास स्क्रूने काढतात. हा स्क्रू चकतीला वळसा घालून जाणारी थोडीशी हवा कमीजास्त करतो. कारखान्यात बसवलेला चकतीचा थांबा तिथे हलवायचा नसतो, कारण थ्रॉटलच्या सेन्सरचे शून्य त्यावरच ठरलेले असते.